बाटल्या नव्हत्या

आमच्या एल्सबर्ग कॉलेजचा फुटबॉल संघ त्या वर्षी पहिले सहाच्या सहा सामने जिंकला होता, आणि तरी गावात कुणाचंही समाधान नव्हतं. पहिल्या शनिवारी एक्केचाळीस-सात असा धुव्वा उडवला. दुसऱ्या शनिवारी, ज्यांना हरवायचं कुणी बाकी ठेवलं नव्हतं अशा संघाशी, शेवटच्या मिनिटाला कसेबसे तेरा-दहा. तिसऱ्या शनिवारी परत वाघ. चौथ्या शनिवारी परत पेंगुळलेली पोरं. कधीकधी तर एकाच सामन्यात मध्यंतरापर्यंत एक संघ खेळायचा आणि मध्यंतरानंतर भलताच. नेब्रास्काच्या आमच्या कोपऱ्यात त्या दिवसांत बोलायला दुसरा विषय नसतो. शेतातला मका आपला आपण वाळत असतो, आणि माणसं फुटबॉलवर भांडत असतात.

आम्ही चौघी दर मंगळवारी सकाळी नऊ वाजता चर्चच्या तळघरात भांडायचो. निमित्त गोधडीचं. नाताळच्या विक्रीसाठी दर वर्षी एक मोठी गोधडी शिवायची, ती ताणलेल्या लाकडी चौकटीच्या चार बाजूंना चौघींनी बसायचं, आणि टाके घालता घालता शनिवारचा सामना उसवायचा.

लव्हॉन कुचेरा आमची पुढारी. तिचा आवाज असा की वर पास्टर प्रवचन लिहीत बसले असले तर त्यांनाही स्कोअर कळायचा. तिच्या पर्समध्ये एक वही असायची, त्यात प्रत्येक सामन्याचे आकडे. ट्वायला हिन्रिक्स कमी बोलायची, तिचे टाके सगळ्यांत बारीक. जोलीन सगळ्यांत लहान, पन्नाशीची. मेन स्ट्रीटवर तिचं केस कापायचं दुकान. आणि चौथी मी, आर्डिथ सोरेनसन. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली. गावातल्या अर्ध्या लोकांनी माझ्या हातची राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल खाल्लेत.

माझा नवरा हार्लन जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. फुटबॉल त्याला कळायचा. चाळीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसून सामने पाहिले, आणि त्याचं बोलणं ऐकून ऐकून मलाही चार गोष्टी बोलता यायला लागल्या. तो होता तोवर मी काही बोलले की लोक माना डोलवायचे. तो गेल्यावर डोलवेनासे झाले.

त्या मंगळवारी मी नेहमीसारखी साडेसातला चर्चला पोचले. किल्ली तेव्हा माझ्याकडे असायची. हीटर लावायचा, कॉफी चढवायची. मागच्या आवारात एक जुनी तपकिरी गाडी उभी होती. आत ड्रायव्हरच्या सीटवर एक मुलगा तोंड उघडं टाकून झोपला होता. खिडकीची काच दोन बोटं खाली. मी वाकून पाहिलं आणि ओळखलं. बारा नंबरचा केलन बर्डसल, आमचा क्वार्टरबॅक. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हाताने फेकतात, आणि सगळा खेळ ज्याच्या हातातून सुटतो तो हा.

काचेच्या फटीतून वास आला. आंबट, उग्र, नाकात चढणारा. मी डेअरीवाल्याची मुलगी आहे. खड्ड्यात दाबून आंबवलेल्या मक्याचा तो वास, मुरघासाचा, मी जन्मल्यापासून ओळखते. माझ्या वडिलांच्या कोटाला तो वर्षभर यायचा. मागच्या सीटवर रबरी बूट होते, घोट्यापर्यंत शेणाने माखलेले, आणि एक बादली. पोरगा कुणाकडे तरी पहाटेचं दूध काढून आला होता आणि वर्ग सुरू व्हायच्या आत तासभर डोळा लावत होता, हे मला तिथेच, त्या क्षणी कळलं. आठचा वर्ग असेल तर उठवावं का, असंही मनात आलं. उठवलं नाही. मी खाली गेले.

एवढंच मी पाहिलं. त्याहून काडीभरही जास्त नाही.

नऊ वाजता चौघी बसलो. लव्हॉनने कोलाची आणल्या होत्या, जर्दाळूचा गर भरलेल्या छोट्या गोड पावांसारख्या. तिने एक तोंडात टाकली आणि तसंच बोलायला लागली.

“सोळा-चौदा! त्या लोकांशी सोळा-चौदा! मी म्हणते, ह्याला जिंकणं म्हणायचं का?”

“जिंकलो ना पण,” ट्वायला म्हणाली.

“अगं, जिंकलो म्हणजे काय, त्यांनीच हरायचं ठरवलं होतं म्हणून! मध्यंतराला सोळा-शून्य, आणि नंतर? वहीत बघ. सात वेळा चेंडू हातात आला, सातही वेळा वाया. हा कोच दहा गुण पुढे गेला की घाबरतो. घरी चोर शिरल्यासारखा दारं-खिडक्या लावून बसतो.”

“कोचचं नाही गं,” जोलीन म्हणाली. “माझ्या दुकानात सगळे म्हणतात, पोरांना स्वतःबद्दल भलतंच वाटायला लागलंय. जिंकून जिंकून डोक्यात गेलंय.”

“दमतात,” ट्वायला म्हणाली. “पुढच्या फळीत पाचच मोठी पोरं आहेत. तीच तीच किती धावणार?”

मी म्हणाले, “मला वाटतं, डाव्या बाजूने हल्ला आला की केलन फार लवकर चेंडू सोडतो. एक पाऊल थांबला तर…”

लव्हॉनने सुई वर धरली. “आर्डिथ, हे हार्लन म्हणायचा. सहा वर्षांपूर्वीच्या पोराबद्दल म्हणायचा. तो पोरगा आता ओमाहात विमा विकतो.”

जोलीन हसली. ट्वायलासुद्धा थोडी हसली. लव्हॉन मला चिडवायला बोलली, वाईट मनाने नाही; तिचं बोलणंच तसं. पण माझे कान तापले. ती बोलली ते खरंच होतं. माझ्याकडे माझं म्हणून सांगण्यासारखं काहीही नव्हतं.

मग मला आठवलं, की आहे.

“तुम्हाला खरं कारण ऐकायचंय?” मी म्हणाले. “आज सकाळी साडेसातला केलन बर्डसल इथे मागे गाडीत झोपला होता.”

तिघींच्या सुया थांबल्या. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. इथे थांबले असते तरी चाललं असतं.

“झोपला होता म्हणजे?” जोलीन म्हणाली.

“म्हणजे पडला होता. तोंड उघडं. आणि भपकारा असा येत होता की काचेतून बाहेर.”

“दारूचा?” लव्हॉनने कुजबुजून विचारलं. लव्हॉनला कुजबुजताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी होकारार्थी मान हलवली. आणि मग, कुणी विचारलंही नव्हतं तरी, म्हणाले, “मागच्या सीटवर बाटल्या होत्या.”

“अरे देवा,” जोलीन म्हणाली.

“बघ! बघ!” लव्हॉनने वही उघडली. “म्हणूनच! एक शनिवार चांगला, एक शनिवार वाईट. शुक्रवारी पिऊन येतो की नाही, त्यावर सगळं! आर्डिथ, बाई गं, आणि तू इतका वेळ गप्प बसलीस?”

ट्वायला माझ्याकडे बघत होती. “तू बाटल्या पाहिल्यास, आर्डिथ?”

“पाहिल्या.”

“किती?”

“तीन,” मी म्हणाले.

ती परत खाली मान घालून शिवायला लागली. कॉफी संपेपर्यंत लव्हॉन मलाच विचारत होती, आर्डिथ, तुला काय वाटतं, दुसऱ्या पोराला उतरवावं का, आर्डिथ, कोचला माहीत असेल का. मी उत्तरं देत होते. चौघींच्या त्या चौकटीभोवती मी इतकी वर्षं बसले, पण माझं बोलणं ऐकायला कुणी सुई खाली ठेवल्याचं त्या दिवसाआधी आठवत नाही.

जोलीनच्या दुकानात दिवसाला दहा-बारा बायका येतात. लव्हॉनचा भाचा स्थानिक रेडिओवर गुरुवारी संध्याकाळी चाहत्यांचे फोन घेतो. गुरुवारी मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते, तेव्हा रेडिओवर एक माणूस म्हणाला, नाव घेत नाही, पण आपल्या क्वार्टरबॅकने ग्लास खाली ठेवला तर बरं होईल. भाचा म्हणाला, हो, आमच्याही कानावर आलंय. मी रेडिओ बंद केला आणि बटाटे सोलत राहिले. उद्यापर्यंत लोक विसरतील, असं मी स्वतःला सांगितलं. शुक्रवारी किराणा दुकानात बिल करणाऱ्या मुलीने विचारलं, “तुम्हीच पाहिलं ना त्याला? पाच बाटल्या?” मी म्हणाले, “मला त्याबद्दल बोलायचं नाही.” ती समजूतदारपणे मान हलवून म्हणाली, “चांगल्या आहात तुम्ही.”

शनिवारचा सामना घरच्या मैदानावर. हवा छान गार होती, ऊन होतं, बँड वाजत होता. मी माझ्या नेहमीच्या जागेवर, डोक्यावर हिरवी लोकरी टोपी. शेजारची हार्लनची जागा मी दर वर्षी घेते आणि तिच्यावर पर्स ठेवते. मागे हार्डवेअरच्या दुकानाचा रॉजर आणि त्याचे मित्र.

केलनने फेकलेला पहिलाच चेंडू दुसऱ्या संघाच्या हातात गेला. रॉजर उभा राहिला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, “उठ रे केलन! बार बंद झाला!”

आजूबाजूचे सगळे हसले. रॉजरने बिअरचा रिकामा कॅन उंच धरून हलवला. “हे घे, तुझं औषध!”

पुन्हा हसू उसळलं. आणि मी हसले. का हसले ते आजही सांगता येत नाही. सगळे हसत होते, रॉजर माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता, जणू हा विनोद आम्हा दोघांचा होता. माझं तोंड हसलं.

दोन रांगा खाली एक बाई बसली होती. पंचेचाळीसची असेल, उन्हाने रापलेली, अंगातल्या हिरव्या जॅकेटच्या पाठीवर बारा आकडा चिकटवलेला. ती मागे वळली. एकेक करून सगळ्यांचे चेहरे बघत तिची नजर वर आली आणि माझ्यावर थांबली. माझं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं.

मध्यंतराला ती पायऱ्या चढून माझ्याजवळ आली. इतक्या लोकांतून तिने मलाच निवडलं. म्हातारी बाई, एकटी, मांडीवर घोंगडी. माझं ते उरलेलं हसू तिला मायेचं वाटलं असणार, आणि भरवसा वाटला असणार.

“माफ करा हं,” ती म्हणाली. “मी केलनची आई. मी लांबून आलेय, राज्याच्या पार पश्चिमेकडून, सात तास गाडी चालवत. हे लोक माझ्या मुलाबद्दल काय म्हणताहेत? बारचं काय?”

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे हात थंडीने तडकलेले होते, गुरं राखणाऱ्या माणसाचे असतात तसे.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “लोक ओरडतात काहीही. लक्ष देऊ नका.” आणि मी तिच्या हातावर हात ठेवून थोपटलं.

“थँक यू,” ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे.

मध्यंतरानंतर केलन मैदानावर आलाच नाही. कोचने दुसऱ्या पोराला उतरवलं. केलन हेल्मेट हातात धरून कडेला उभा होता, बसला नाही, शेवटपर्यंत उभाच. आम्ही वीस-सतरा जिंकलो. सातवा विजय. बाहेर पडताना लोक म्हणत होते, बघितलंत, त्याला काढला आणि जिंकलो. कुणी म्हणालं, छे, दुसराही काही खास नाही, नशिबाने वाचलो. गाड्यांपर्यंत तोच वाद चालू होता. ती हिरव्या जॅकेटवाली बाई कुंपणाशी एकटी थांबली होती.

रविवारी मी चर्चला गेले नाही. अंग दुखतंय म्हणून पास्टरांना कळवलं. तेही खोटंच. दिवसभर खुर्चीत बसले. हार्लन असता तर त्याला सांगितलं असतं का, असा विचार केला, आणि सांगितलं नसतं असं वाटलं. त्याच्यापासून तर आधी लपवलं असतं.

सोमवारी सकाळी मी कोच ड्रीसनच्या ऑफिसात गेले. ते टेबलावर कागद पसरून सँडविच खात होते. माझ्या हातचं जेवलेला पोरगा. लहानपणी दर शुक्रवारी दोन रोल मागायचा.

“मिसेस सोरेनसन! बसा ना.”

मी उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं.

“केलनच्या गाडीत बाटल्या नव्हत्या. मी म्हणाले त्या होत्या, पण नव्हत्या. वास मुरघासाचा होता. मला तो तेव्हाही कळला होता.”

त्यांनी सँडविच खाली ठेवलं.

“मला चार लोकांनी फोन केले,” ते म्हणाले. “चौघांनीही बाटल्या सांगितल्या. एकाने तर कुठल्या कंपनीच्या तेही सांगितलं. त्यातल्या एकानेही स्वतः पाहिल्या नव्हत्या, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय.” त्यांनी कपाळ चोळलं. “मी शुक्रवारी केलनला विचारलं. तो म्हणाला, कोच, मी मिलो रेझाककडे दूध काढतो, आठवड्यातून चार दिवस, पहाटे आणि दुपारी. मी थेंबाला शिवत नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवला.”

“मग त्याला काढलंत का?”

“लोक ओरडत होते म्हणून.” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “तो वाईट खेळत होता, पण त्याहून वाईट खेळला तेव्हाही मी कधी काढला नव्हता. शनिवारी मला ते ओरडणं सहन झालं नाही. स्वतःला म्हटलं, पोराच्या भल्यासाठी करतोय.”

त्यांनी उरलेलं सँडविच कागदात गुंडाळलं.

“मला सांगून काय उपयोग, मिसेस सोरेनसन,” ते म्हणाले. “त्याला सांगा. आणि जिथे बोललात तिथे जाऊन सांगा.”

दुपारी मी रेझाकच्या डेअरीवर गेले. गावापासून नऊ मैल. फाटकाशी गाडी थांबवली तोच तो वास आला आणि मला माझ्या वडिलांच्या अंगणात उभी असल्यासारखं वाटलं. मिलो म्हणाला, पोरगा आत आहे, गायी लावतोय.

केलन दूध काढायला उभं राहण्याच्या खोल खड्ड्यात होता, दोन्ही बाजूंना वर गायींची रांग. एकेकीचे सड पुसायचे, यंत्राच्या नळ्या लावायच्या, पुढे सरकायचं. हात सफाईदार. माझ्याकडे बघून त्याने मान लववली.

“मॅडम, तिकडून या, इथे घसराल.”

“मी आर्डिथ सोरेनसन,” मी म्हणाले. “तू चर्चच्या मागे गाडीत झोपला होतास. तुझ्याबद्दल जे गावभर झालं, ते मी सुरू केलं.”

त्याचा हात थांबला नाही. त्याने एका गायीला नळ्या लावल्या, दुसरीकडे गेला.

“बाटल्या तुम्ही सांगितल्यात?”

“हो.”

“काय दिसलं होतं तुम्हाला? ती बादली?”

तो मला वाट काढून देत होता. त्याला खरंच वाटत होतं की माझी नजर चुकली असेल. हो म्हणणं किती सोपं होतं.

“नाही,” मी म्हणाले. “बादली मला बादलीच दिसली. बूटही दिसले. तू दूध काढून आलायस हे मला कळलं होतं.”

आता तो थांबला. “मग?”

“सगळ्या माझं ऐकत होत्या.”

हे एवढंच उत्तर माझ्याकडे होतं. यंत्राचा ठोका पडत राहिला. एका गायीने पाय आपटला, त्याने न बघता तिच्या पायावर हात ठेवला.

“माझा बाप दारूने गेला,” तो म्हणाला. “मी अकरा वर्षांचा होतो. आईने शनिवारी मला गाडीजवळ नेऊन विचारलं, खरं सांग, पितोस का. मी नाही म्हणालो. तिने परत विचारलं. मग माझ्या तोंडाचा वास घेतला तिने, पार्किंगमध्ये, सगळी पोरं बघत होती. घरी जाताना वाटेत थांबून थांबून तीनदा फोन केला, रडत.”

त्याने पुढच्या गायीचे सड पुसले.

“ती म्हणाली, सगळ्या स्टेडियममध्ये एकच बाई बरी वागली. हिरव्या टोपीतली एक म्हातारी. हात थोपटला म्हणे. म्हणाली, लोक काहीही ओरडतात, लक्ष देऊ नका.”

मी टोपी घालूनच आले होते. त्याने माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे.

“ती मीच,” मी म्हणाले.

त्याने हातातलं ओलं फडकं पिळलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. वीस वर्षांचा होता, ओरडायचं वय होतं.

“मी तुझ्या आईला फोन करते,” मी म्हणाले. “मला नंबर दे. मी सगळं सांगते.”

“नको.” त्याने फडकं बादलीत टाकलं. “पत्र लिहा हवं तर. पत्ता मिलोकडे आहे. फोनवर तिला बोलता येणार नाही.” आणि पाठ फिरवून, “मला ह्या गायी संपवायच्यात, मॅडम. सहाला सराव आहे.”

मी आले त्या वाटेने परत निघाले. बाहेर मिलोकडून पत्ता लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मी कॉफी चढवली नाही. तिघी आल्या, बसल्या, लव्हॉनने वही काढली. “वीस-सतरा! आता त्या दुसऱ्या पोराचं काय करायचं ते…”

“लव्हॉन, थांब,” मी म्हणाले, आणि सांगितलं. सगळं सांगितलं, बूट, बादली, मुरघास, आईचा हात थोपटला तेसुद्धा.

जोलीनने सुई चौकटीत खोचून ठेवली. “आर्डिथ, मी चाळीस जणींना तरी सांगितलं असेल. तुझं नाव घेऊन. म्हटलं, आर्डिथ कशाला खोटं बोलेल!”

“मी भाच्याला सांगितलं,” लव्हॉन म्हणाली. तिचा चेहरा लालभडक झाला होता. “रेडिओवर! माझ्यामुळे गेलं ते रेडिओवर! चर्चच्या तळघरात बसून तू… कशासाठी गं? माझ्या एका टोमण्यासाठी?”

“हो,” मी म्हणाले. “त्याच्यासाठीच.”

ती वहीची पानं उलटत राहिली.

ट्वायला म्हणाली, “मी तुला विचारलं होतं.” मग स्वतःशीच, “मला तेव्हाच खरं वाटलं नव्हतं. आणि मी खाली बघून शिवत बसले.”

लव्हॉनला गप्प बसवेना. “बरं, मग तो पीत नाही. मग एका शनिवारी असा आणि एका शनिवारी तसा का खेळतो?”

“वीस वर्षांचा आहे तो,” ट्वायला म्हणाली. “तुझा पोरगा डेनिस वीस वर्षांचा असताना कसा होता?”

“गाडी घेऊन धान्याच्या कोठारात घुसला होता,” लव्हॉन म्हणाली. कुणी हसलं नाही.

खोटं चार दिवसांत गावभर झालं होतं. खरं सांगायला आम्ही चौघी महिनाभर फिरलो. लव्हॉन भाच्याच्या कार्यक्रमात स्वतः बोलली आणि माझं नाव घेतलं. घे असं मीच सांगितलं होतं. जोलीन प्रत्येक गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवल्या बसवल्या सांगायची. ती म्हणायची, निम्म्या बायका हसतात. म्हणतात, संघाला पोरगा हवाय ना, म्हणून आता झाकताहेत. काही जणी मला दुकानात बघून रांग बदलायला लागल्या. बिल करणारी ती मुलगी माझ्याशी हवापाण्याचंच बोलायची.

केलनच्या आईला मी पत्र लिहिलं. सहा वेळा फाडलं, सातव्यांदा टाकलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिचाच फोन आला.

“तुमचं पत्र वाचलं,” ती म्हणाली. आवाज कोरडा. “मी माझ्या मुलाचं तोंड हुंगलं. त्याच्या मित्रांसमोर. मी त्याची माफी मागितली, तो म्हणतो ठीक आहे, पण आता फोनवर तो आधी सांगतो, आई, मी सरावाहून आलोय, आई, मी जेवून आलोय. न विचारता हिशोब देतो. ते मला ऐकवत नाही.” ती थांबली. “मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, ह्याची लाज माझी आहे. ती तुम्हाला देत नाही. तुमची तुम्ही बघा.”

तिने फोन ठेवला.

मी कोचना खरं सांगितलं, त्याच्या पुढच्याच शनिवारपासून केलन परत मैदानावर होता. एक सामना त्याने असा खेळला की सत्तरी ओलांडलेली माणसं बाकांवर उभी राहिली. त्याच्या पुढच्यात चार वेळा चेंडू गमावला आणि आम्ही हरता हरता जिंकलो. का, ते कुणालाही कळलं नाही. कोच, रेडिओवाले, लव्हॉनची वही, सगळ्यांनी डोकं लावलं. दहापैकी दहा जिंकून बाद फेरीत गेलो आणि पहिल्याच सामन्यात सात गुणांनी हरून घरी आलो. रॉजर तेव्हाही मागेच बसला होता. त्याने कॅन पुन्हा उचलला नाही, पण माझ्याशीही बोलला नाही. आम्ही दोघं एकमेकांना टाळतो, अजूनही.

उन्हाळ्यात मिलो रेझाक पोस्टात भेटला. म्हणाला, केलन गाव सोडून गेला, आईच्या जवळच्या कॉलेजात नाव घातलं त्याने. मी विचारलं, इथल्या ह्या सगळ्यामुळे का? मिलो म्हणाला, तो तसं बोलला नाही, आर्डिथ, आणि मी विचारलं नाही. मिलो एवढंच म्हणाला, की असा हात असलेला गडी त्याला परत मिळायचा नाही. गायीसुद्धा त्याच्या हाताला उभ्या राहायच्या.

मी अजून मंगळवारी जाते. किल्ली मी ट्वायलाला दिली. शनिवारबद्दल मला कुणी विचारलं तर मी म्हणते, मला त्यातलं कळत नाही, आणि ते खरं आहे.

गेल्या आठवड्यात औषधाच्या दुकानात दोन माणसं बोलत होती. एक जण म्हणाला, “तो बर्डसल आठवतो का रे? काय हात होता! प्यायचा म्हणे, नाहीतर कुठच्या कुठे गेला असता.”

मी त्यांना ओळखत नव्हते. पुढे गेले आणि म्हणाले, “तो पीत नव्हता. मी खोटं बोलले होते.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने टोपीला हात लावला, “बरं मॅडम,” म्हणाला, आणि म्हातारीला वाट करून द्यावी तसे ते बाजूला झाले. मी काउंटरवर माझी चिठ्ठी ठेवली. मुलीने नाव विचारलं. मी नाव सांगितलं, जरा मोठ्याने, त्या दोघांना ऐकू जाईल असं.